जंगूबाईची साडेचार मिनिटं

मी एकतीस वर्षं शांतता कापली. हुद्द्याचं नाव वेगळं होतं, लांबलचक आणि सरकारी, पण काम विचाराल तर हेच. जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर मी ध्वनिमुद्रण करायचो आणि केलेलं मुद्रण कापूनजोडून नऊ, चौदा किंवा अठ्ठावीस मिनिटांत बसवायचो. बोलणारा माणूस अडतो, खाकरतो, पाणी पितो, पुढचा शब्द शोधत बसतो. ते सगळं काढून टाकायचं. रेडिओला गप्प बसणं परवडत नाही. दहा सेकंद आवाज आला नाही तर ऐकणारा सेटला थापड मारतो, आणि पंधराव्या सेकंदाला साहेब जिना उतरून खाली येतात.

आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा आवाज हातात धरता यायचा. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत असायची, मशीनवरून सेकंदाला साडेसात इंच धावणारी. माझा हात लहान. वीतही आखूड, बरोबर साडेसात इंचांची. त्यामुळे माझी एक वीत म्हणजे एक सेकंद, असा आमचा हिशेब. फीत हाताने मागेपुढे सरकवत नको त्या जागेवर यायचं, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरपा छेद द्यायचा, मधला तुकडा काढायचा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद तिरपाच हवा, सरळ कापलं तर जोडावर टक् वाजतं. माझा जोड कधी कुणाच्या कानाला लागला नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो. एका पुढाऱ्याच्या भाषणातून मी इतके ‘म्हणजे’ काढले होते, की प्रसारणानंतर त्याचाच फोन आला. म्हणाला, मी इतका चांगला बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

मूल गावचे एक भजनी बुवा मात्र भांडायला आले. त्यांच्या दोन कडव्यांमधला श्वास मी काढून टाकला होता. म्हणाले, “भाऊ, घरी बसून ऐकून राह्यलो होतो, तं मलेच दम लागला. मी श्वास घेतला कुठी?” मी हसलो, त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. बुवांचं बोलणं तेव्हाच डोक्यात घ्यायला हवं होतं.

अंकासाठी लेख मागताना संपादकांनी सांगितलं, की रेडिओतल्या गमतीजमती लिहा. दोन लिहून झाल्या. पुढची गंमत नाही. आणि ती लिहिण्याआधी एक सांगून ठेवतो. आमच्या घरातले देव छप्पन साली, धम्मदीक्षेबरोबर गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. वडील बल्लारपूरला कागद कारखान्यात होते. डोळ्याने पाहिलं नाही ते मानायचं नाही, हा त्यांचा घरातला कायदा. मी अजून तो पाळतो. म्हणून जे जसं झालं तसं लिहितो आहे.

कोसमगुडा हे राजुऱ्याच्या पलीकडचं गोंडांचं गाव, पन्नासेक घरांचं. गावाखाली कोळसा निघाला. मोजणी झाली, नोटिसा लागल्या, आणि आज ना उद्या गाव उठणार हे ठरलं. आमच्याकडे लोकगीतांचा नऊ मिनिटांचा कार्यक्रम असे. साहेब म्हणाले, “मेश्राम, गाव उठायच्या आत गाणी उचलून आणा.”

मी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून पोहोचलो तेव्हा बाया शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून गात होत्या. एक ओळ म्हणायच्या आणि खिदळायच्या. अर्थ विचारला तर एकीने सांगितला:

मोजणीवाला आला, साखळी टाकून गेला,
साखळीच्या आत शेत, साखळीच्या बाहेर मी.

मला गाणं फार आवडलं. ते सांगणारी, आणि सगळ्यांना गायला लावणारी बाई म्हणजे जंगूबाई कोडापे. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघायची सवय. पहिल्यांदा मी दोनदा वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“हे हसाचं गाणं आहे,” ती म्हणाली. “मोजणीवाले आल्यावर केलं. खरं गाणं शिवेचं. थे इथी बसून नाई म्हणत.”

गोंडीत गाण्याला पाटा म्हणतात. शिवेचा पाटा वर्षातून एकदाच, पेरणीच्या आधी म्हणायचा. कोसमगुड्याच्या शिवेवर सात जागा होत्या. नाल्यावरचा बेहडा, जोडदगड, वारूळ, म्हातारा मोहा, पडकी विहीर, तळ्याची पाळ आणि देवाचं ऐनाचं झाड. एकेका जागेपाशी जाऊन तिचं कडवं म्हणायचं. त्यात ती जागा कुणी पाहिली, तिथे कुणाचं शेत, कोण कुठून आलं, असं सगळं असे. सातबारा सरकारने नंतर काढला, यांचा आधीपासून पाठ होता. कडव्याच्या शेवटी त्या जागेला विचारायचं, “आहेस का?” आणि मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. उत्तर आलं की ढोलावर एक थाप पडते आणि मंडळी पुढच्या जागेकडे निघतात.

“उत्तर कोण देते?” मी विचारलं.

“जागा देते. दुसरं कोन देईन?”

“तुम्हाला ऐकू येतं?”

“मले नाई. ढोलवाल्याले येते.” ढोल जंगूबाईचा भाचा लच्चू वाजवायचा, तिला तो आत्या म्हणे. पंचविशीचा, लाजरा, ट्रॅक्टर चालवणारा गडी. त्याने मान खाली घातली.

“आन् उत्तर नाई आलं तं?” मी विचारलं.

“तं उभं राहाचं,” जंगूबाई म्हणाली. “घाई असनारानं शिवेवर येऊ नाई.” मग तिने मला, अडाण्याला समजावं तसं समजावलं. शीव बोलली तर गाव आहे. गाव आहे तर त्यात माणूस गाडता येतो. मोह्याखाली तिची सासू होती, नवरा होता, एक लेक होती. शीव बोलली नाही त्या वर्षी मेलेल्याला मोह्याखाली जागा मिळत नाही, असा नियम.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मंडळी निघाली. वैशाखाचं ऊन. एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत मी मशीन बंद ठेवत होतो आणि कडवं सुरू झालं की चालू करत होतो. बेहड्याला विचारलं, दोनेक मिनिटं शांत, मग थाप. जोडदगडाला विचारलं, तेवढंच. वारूळ, तेवढंच. मला गंमत वाटत होती.

चौथा मोहा. त्याच्याखाली उभे केलेले दगड होते, कुणाचे ते सांगायची गरज नव्हती. कडवं संपलं, जंगूबाईने विचारलं आणि सगळे थांबले. माझ्या कानात मशीनच्या इअरफोनची गोटी होती. मी आयुष्यभर शांतता ऐकली आहे. खोलीची वेगळी, मैदानाची वेगळी, पावसाआधीची वेगळी. कुठलीच पूर्ण शांत नसते. काहीतरी किरकिरत असतं, पान हलतं, कुणी थुंकी गिळतं. या मोह्याखाली काहीच नव्हतं. चाळीस माणसं उभी होती आणि एकाचाही श्वास माझ्या कानात येत नव्हता. मी मशीन बंद पडलं की काय म्हणून खाली पाहिलं. फीत फिरत होती. आणि आवाज दाखवणारी सुई हलत होती.

ती सुई आवाजाशिवाय हलत नाही. ती मोठ्या आवाजाला झटक्याने उठते. इथे ती सावकाश वर चढत होती आणि सावकाश खाली येत होती, झोपलेल्या माणसाची छाती खालीवर व्हावी तशी. मी तारा चाचपल्या. वारा असेल म्हटलं, पण पान हलत नव्हतं. माझ्या हाताची नाडी असेल म्हटलं आणि मशीन खाली जमिनीवर ठेवलं. सुई तशीच हलत राहिली. मला भीती वाटली हे कबूल करतो. मग लच्चूने थाप दिली, पाखरं एकदम बोलू लागली आणि सुई नेहमीसारखी उड्या मारायला लागली.

सातही जागा झाल्यावर मी निघालो तेव्हा जंगूबाई गाडीपर्यंत आली. “आवाज ने भाऊ,” ती म्हणाली. “पण मधातलं सोडू नको. मधातलंच खरं आहे.”

मी हो म्हणालो. शपथेवर हो म्हणालो असं नाही, माणूस गाडीत बसताना म्हणतो तसं.

केंद्रावर आल्यावर मोजलं. सगळं मिळून सत्तावीस मिनिटं. गाणं नऊ मिनिटांचं, शांतता अठरा मिनिटांची. साहेब हसले. “अठरा मिनिटं लोकांना काय ऐकवू, मेश्राम? वीज गेली असं वाटेल त्यांना.” आणि मला ते पटलं. कुणी माझा हात धरून कापायला लावलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. नऊ मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या कार्यक्रमात नेमकं बसतं आहे, या आनंदात मी ब्लेड घेतलं. कोऱ्या फितींची टंचाई होती म्हणून नक्कलही काढली नाही. मूळ फीतच कापली. सात शांतता काढल्या, सात जोड दिले. गाणं इतकं सलग झालं की जणू जंगूबाई एका दमात सातही जागा धावत फिरली. कार्यक्रम गाजला. मला प्रशस्तिपत्रक मिळालं, ते अजून कपाटात आहे.

काढलेल्या तुकड्यांचं काय केलं, ते धंद्यातल्या माणसालाच कळेल. आम्हाला शांतता लागायचीही. वक्त्याचा खोकला काढला की तिथे भोक पडतं, ते बुजवायला थोडी जिवंत शांतता हवी. कोरी फीत चालत नाही, ती मेल्यासारखी ऐकू येते. म्हणून बाहेरून आणलेली चांगली शांतता कुणी फेकत नसे. मी ते सात तुकडे एकापुढे एक जोडून एक रीळ केलं. डब्यावर पिवळ्या पेन्सिलीने जागांची नावं आणि लांबी लिहिली. ‘मोहा, चार मिनिटं तीस सेकंद.’ सगळ्यांत लांब तो आणि सगळ्यांत स्वच्छ. त्यात पाखरू नाही, पान नाही. साहजिकच मी लागेल तसा त्यातलाच तुकडा कापून वापरायचो. शेतीच्या भाषणात, नाटकात, आरोग्याच्या कार्यक्रमात. दहा-बारा वर्षांत तो मोहा मी चिमूट चिमूट करून जिल्हाभर वाटला.

पत्रं यायला लागली. धानावरच्या करप्याबद्दल एका तज्ज्ञाचं भाषण होतं. गोंडपिपरीच्या शेतकऱ्याने कार्ड पाठवलं, ‘साहेब बोलता बोलता थांबले तेव्हा त्यांना हाक कुणी मारली?’ एका नाटकात नायिका दाराकडे बघून ‘कोण आहे?’ विचारते, तिथे मी मोह्याचे सहा सेकंद घातले होते. एटापल्लीकडच्या एका मास्तरीणबाईंनी लिहिलं, ‘त्यावर जे उत्तर आले ते आमच्या घरात सगळ्यांना ऐकू आले, पण शब्द लागले नाहीत. कृपया कळवावे.’ मी फीत लावून ऐकली. काही नव्हतं. आमच्या एक निवेदिका होत्या, त्या मोह्याचा तुकडा असलेला कार्यक्रम वाजत असला की हेडफोन काढून ठेवायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “खुर्चीमागं कोणी उभं आहे असं वाटते हो.” मी सगळ्यांना हसलो. सगळ्या पत्रांना छापील उत्तर गेलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

कोसमगुड्याची बातमी अधूनमधून कानावर यायची. शिवेवर खाणीचं कुंपण पडलं. मग गाव उठलं. गोंडपिपरीच्या रस्त्याला वसाहत झाली, एका मापाची घरं, दारावर नंबर. मी गेलो नाही. जायचं कारण नव्हतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी जुन्या फिती मोडीत निघत होत्या. शांततेचं रीळ मी पिशवीत घालून घरी आणलं. त्यात काहीच नाही म्हटल्यावर फाटकावरच्या माणसानेही अडवलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास दारात एक बाई उभी. चाळिशीची, अंगणवाडी सेविकेची साडी, हातात मोबाईल. “मेश्रामभाऊ इथीच राह्यते का? मी सुनंदा. कोसमगुड्याच्या जंगूबाईची सून. रेडिओवाल्याईनं तुमचं घर सांगतलं.”

तिने बसायच्या आधी मोबाईलवर एक आवाज लावला. माझंच मुद्रण, नऊ मिनिटांचं.

“हे आमी तुमच्या रेडिओवरून घेतलं,” ती म्हणाली. “गाव उठल्यावर आमच्यातल्या बाया याच्यावरूनच शिकल्या. तालुक्याच्या महोत्सवात मंचावर म्हटलं, ढाल भेटली. मंग नव्या गावाची शीव बांधाची होती. घरवाल्यानं अन् लच्चूभाऊनं साती जागेचे दगड ट्रॅक्टरनं आणून ठेवले होते. आमी फिरलो, म्हटलं, अन् आलो. अर्धा घंटाबी नाई लागला.”

“मग?”

“मंग काई नाई झालं. तेच तं सांगून राह्यली.” तिने मोबाईल बंद केला. “सासूबाईले तवा लकवा मारला होता. डावं अंग गेलं, वाचा गेली. आमी फिरून आलो तं थे रडत होती. आमाले वाटलं, आनंदानं रडते.”

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. वसाहतीत तीन म्हातारे वारले. खाणवाल्यांनी पत्र्याची स्मशानशेड बांधून दिली होती, तिथे कुणी न्यायला तयार नाही. पहिल्या दोघांना गपचूप जुन्या मोह्यापाशी नेलं. तिसऱ्या वेळी गेले तर मोहा नव्हता. खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर त्या जागेवर उभा होता. त्या तिसऱ्याला शेवटी नाल्याच्या काठाला पुरलं, परक्यासारखं. आणि तेव्हापासून जंगूबाई दुपारी खाटेवर नसते.

“कशी नसते? अर्धं अंग गेलं ना?”

“तेच तं. मी भाकर टाकाले आत जाते, बाहेर येते तं खाट रिकामी. सापडते तं खाणीच्या रस्त्यावर, दोन किलोमीटर दूर. उभी राह्यते. डंपर चालते तिथून, भाऊ. एकदा तं डायवरनं कसंबसं वाचवलं तिले. कशी जाते, कोन नेते, कोनी पाह्यलं नाई. पाय पाह्यले तिचे मी. तळव्याले धूळबी नसते.” सुनंदाने पदराने तोंड पुसलं. “तिले मातीची चिंता आहे. आपल्याले कुठी टाकतीन, हेच असन तिच्या डोक्यात. लच्चूभाऊ म्हणते, आमी विचारलं पण ऐकलं नाई, मंग शीव बोलन कशी? लुगडं वाळू घालाले जेवढा वेळ लागते तेवढंबी उभं नाई राह्यलो. तुमी जे मधातलं काढलं, थे कुठी आहे?”

जंगूबाईने गाडीपाशी सांगितलेले शब्द मला जसेच्या तसे आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा, ते कधी विसरलोच नव्हतो हे कळलं. मी माळ्यावरून डबा काढला. केंद्रावर फीत वाजवणारं एक शेवटचं मशीन उरलं होतं, तिथल्या जुन्या सोबत्याला गळ घालून रीळ लावलं आणि मोबाईलवर उतरवलं. बेहडा होता. जोडदगड होते, वारूळ होतं. मग जोडाची पांढरी पट्टी सरकली आणि थेट पडकी विहीर सुरू झाली. मोह्याचा एक इंचही उरलेला नव्हता. मी वापरून संपवला होता.

ते सुनंदाला सांगताना मला जी लाज वाटली ती नोकरीत कधी वाटली नव्हती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुमी या मंग. तुमीच या.”

वैशाखातच गेलो. वसाहतीत सिमेंटच्या रस्त्यावर फुटक्या घागरीतून सांडावं तसं ऊन सांडलं होतं. जंगूबाईला खाटेवर घालून चौघांनी उचललं. तिने मला ओळखलं. बघताना ती पूर्वीसारखीच माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. लच्चूचे केस पिकले होते, ढोल तोच होता. सुनंदाने पहिल्या दगडापाशी बेहड्याचं कडवं म्हटलं, विचारलं, आणि मी स्पीकरवर बेहड्याची शांतता लावली. पुढे दारांवर नंबर, मागे डिशच्या छत्र्या, आणि मधे उभी माणसं तीस वर्षांपूर्वीची दुपार ऐकत होती. शांतता संपायच्या क्षणाला जंगूबाईने उजव्या हाताचं बोट वर केलं. लच्चूने थाप दिली. मी मोबाईलवर पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता. जोडदगडाला तेच झालं, वारुळाला तेच.

चौथा दगड वसाहतीच्या कोपऱ्यात, एका कोवळ्या मोह्याच्या रोपापाशी ठेवला होता. सुनंदाने कडवं म्हटलं. “आहेस का?” तिने विचारलं. स्पीकर माझ्या हातात, आणि लावायला काही नाही.

सगळे उभे राहिले. जंगूबाईचं बोट वर होईना. तिने मान वळवली आणि या वेळी खांद्यावरून नाही, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. बोट उचललं ते माझ्याकडे. मला कळलं. खाल्लेलं मला भरून द्यायचं होतं. पण द्यायचं काय? माझ्या घरचा कायदा मला माहीत होता. न पाहिलेल्याच्या वतीने मी बोलायचं कसं? कुत्री भुंकायची थांबली, रस्त्यावरचे डंपर ऐकू येईनासे झाले. कोण किती वेळ उभं होतं, काही कळत नव्हतं. मला आपलं वाटलं, अर्धं मिनिट गेलं असेल. मग माझ्याच तोंडून शब्द आला.

“आहो,” मी म्हणालो, आमच्या बोलीतलं ‘मी आहे’.

लच्चूने थाप दिली. जंगूबाईने डोळे मिटले, गालावरून पाणी आलं.

सवयीने मी त्या दिवसाचं मुद्रणही केलं होतं. घरी येऊन ऐकलं. सुनंदाच्या प्रश्नापासून माझ्या उत्तरापर्यंतचा वेळ मोजला. परत मोजला. मग डबा काढून त्यावरची पिवळी अक्षरं वाचली. चार मिनिटं तीस सेकंद. तिथे कुणाच्या हातात घड्याळ नव्हतं, आणि माझा तर अर्ध्या मिनिटाचा अंदाज होता. एकतीस वर्षांत माझा अंदाज दोन सेकंदांपलीकडे कधी चुकला नाही.

त्यानंतर जंगूबाई खाटेवरून हलली नाही. अकराव्या दिवशी गेली. तिला चौथ्या दगडापाशी, मोह्याच्या रोपाखाली पुरलं, आणि मग नाल्याकाठच्या त्या म्हाताऱ्यालाही उचलून तिथे आणलं. माती देऊन मी निघालो तेव्हा सुनंदा म्हणाली, “भाऊ, बाकीच्या जागा बोलून राह्यल्या आता. चौथी तुमच्याकडं आहे. दरसाली या लागन.”

मी गेलो. पुढच्या वर्षी गेलो, त्याच्या पुढच्या वर्षीही. बस पकडायची, वसाहतीच्या फाट्यावर उतरायचं, चौथ्या दगडापाशी उभं राहायचं आणि विचारलं की ‘आहो’ म्हणायचं. बायको विचारायची, तुम्ही कधीपासून मानायला लागलात? मी म्हणायचो, मानत नाही, हजेरी देतो. आता स्पीकर लागत नाही. बाया स्वतःच उभ्या राहायला शिकल्या आहेत. सुनंदाने एक नवं कडवंही रचलं आहे, त्यात दारावरच्या नंबरांची टिंगल आहे आणि, सांगायला हरकत नाही, एका ब्लेडवाल्या भाऊचीही. ते म्हणताना त्या माझ्याकडे बघून हसतात. मला ते लागतं, आणि बरंही वाटतं.

यंदाही गेलो होतो. मोहा माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. सुनंदाने विचारलं, “आहेस का?” मी उभा राहिलो. आता मला त्या साडेचार मिनिटांचा अंदाज आहे, माझ्या वितीने दोनशे सत्तर विती. मनातल्या मनात मी त्या मोजत होतो. कुठलं पान हलत नव्हतं. दोनशे सत्तर झाल्या, मी श्वास घेतला, बोलायला तोंड उघडलं, आणि ढोलावर थाप पडली.

मंडळी पाचव्या दगडाकडे चालू लागली. मी लच्चूला गाठलं. म्हटलं, “लच्चूभाऊ, मी तं अजून काहीच बोललो नाही. तू थाप काऊन दिली?”

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“बोलली न आत्या,” तो म्हणाला. “तुमी ऐकलं नाई?”

मी ऐकलं नव्हतं. मुद्रण घरी आहे, ते लावून बघायची हिंमत मी अजून केलेली नाही. निघताना सुनंदाने मोह्याची फुलं बांधून दिली आणि म्हणाली, भाऊ, आता पुढच्या साली पाहुणे म्हणून या, कामावर नाई. मी दुसऱ्यांदा निवृत्त झालो. बस यायला वेळ होता, म्हणून चौथ्या दगडापाशी परत गेलो आणि तिथे नुसताच उभा राहिलो.